उंबरठ्याचं वचन

शेवटी आईच्या कबरीच्या दगडावर शास्त्रवचनाचा क्रमांक आला आणि वचन आलं नाही. हे वाचलं असेल तर विसरून जावं, कारण त्या सकाळी असलं काही होणार नव्हतं. त्या सकाळी सगळं ठरलेलं होतं. पाथरवटाने कानावरची पेन्सिल काढली, दगडाच्या अगदी तळाशी एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाला,

“हं, बोला. क्रमांक?”

धाकटीने, आईच्या धाकट्या मुलीने, पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. “आधी वचन सांगते ना. लिहून आणलंय.”

“वचन नंतर. मी खालून वर कोरतो.”

“खालून वर?”

“वरची अक्षरं आधी कोरली की भुकटी खाली उतरते आणि पेन्सिलीच्या रेघा पुसून टाकते. म्हणून आधी क्रमांक, मग वचन, मग मरणतारीख, मग जन्मतारीख, सगळ्यात शेवटी नाव.” त्याने दगडावर प्रेमाने थाप मारली. “माझ्याकडे माणूस आधी मरतो, मग जन्मतो. तक्रार कोणाची नाही.”

धाकटीने कागद उलगडला. त्यावर आईचं वचन होतं. आई ते आयुष्यभर म्हणत आली होती, निदान धाकटीला तसंच आठवत होतं. तू दार लाविलेस तरी मी उंबरठ्यावर बसून राहीन. खाली क्रमांक नव्हता. तो कधी कोणी विचारलाच नव्हता. ‘लाविलेस’ म्हटलं म्हणजे शास्त्रातलंच असणार, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

“क्रमांक आहे,” ती म्हणाली. “फक्त आत्ता आठवत नाही.”

“मग आठवून या. फाटकावरची पाटी वाचली ना?”

पाटी तिने वाचली होती. दफनभूमीच्या समितीने ती नवीनच लावली होती : दगडावर शास्त्रवचन कोरायचे असल्यास पुस्तक, अध्याय व वचन क्रमांक अनिवार्य. या नियमाला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी एका निवृत्त बसवाहकाच्या मुलांनी वडिलांच्या दगडावर ‘पुढे सरका, आत जागा आहे’ हे प्रभूचं वचन म्हणून कोरून घेतलं होतं. समितीच्या दोन बैठका झाल्या. अर्थाने त्यात काही चुकीचं नाही, यावर एकमत झालं. पण प्रभू असं म्हणाला नव्हता, यावरही एकमत झालं.

धाकटीला तो नियम मनापासून आवडला होता. ती वजनमापांच्या कार्यालयात निरीक्षक होती. बाजारात तिला काटाबाई म्हणत आणि ती दिसली की दुकानदार उगाचच काटे पुसायला लागत. कार्यालयात काचेच्या पेटीत पितळेची प्रमाण वजनं होती. त्यांना हात लावायचा तर हातमोजे घालावे लागत. बाहेरचं कुठलंही वजन त्यांच्याशी ताडून, शिक्का मारूनच वापरायचं. एकदा एका भाजीवालीचं बिनशिक्क्याचं वजन तिने उचललं तेव्हा ती बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

“का हो काटाबाई, वजन खोटं आहे का?”

“नाही. बरोबर असेल.”

“मग?”

“बरोबर आहे असं सांगणारं त्याच्यामागे कोणी नाही.”

नंतर ते तपासून, शिक्का मारून, नियमाप्रमाणे मूळ मालकाला परत केलं गेलं. भाजीवालीने ते दोन्ही हातांनी घेतलं, जसं काही सासरी गेलेली मुलगी माहेरपणाला आली.

तर क्रमांक शोधायला धाकटी पाळकांकडे गेली. पाळक तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि दोन खोकी होती. बदली झाली तर पुन्हा बांधावी लागतील म्हणून त्यांनी ती उघडलीच नव्हती. त्यांनी फोनवर पूर्ण शास्त्र उतरवून घेतलं होतं. त्यात शब्द टाकले की वचन समोर यायचं.

त्यांनी शब्द टाकले. मग चष्मा पुसला. मग परत टाकले.

“शून्य निकाल,” ते म्हणाले. “आणि विचारतोय, तुम्हाला ‘उंबरठ्यासाठी संगमरवर’ असं म्हणायचं आहे का.”

“जुन्या भाषांतरात बघा.”

“जुनंच आहे हे. याच्या मागचंही बघितलं. दार आहे. शेवटच्या पुस्तकात प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतो. तेच असेल तुमचं.”

“तो उभा आहे.”

“हो.”

“आईच्यात बसलाय.”

पाळकांनी फोन पालथा ठेवला. “बाई, हे सांगायला मलाही बरं वाटत नाही. हे वचन नाही. म्हणजे वाक्य आहे. चांगलं आहे. मीच मागे एका अंत्यविधीला म्हटलं होतं.”

“तुम्ही? कुठून घेतलंत?”

“तुमच्या रविवारच्या वर्गातल्या पोरांकडून. सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे मला शंकाच आली नाही.” त्यांचे कान लाल झाले. “लोक खूप रडले. क्रमांक कोणीच विचारला नाही.”

धाकटीने टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि तळहातावर तोलत बसली. रविवारच्या वर्गात ती मुलांना दरवर्षी एक धडा शिकवायची. विश्वास माणसाच्या बोलण्यावर उभारू नये. माणूस आज एक बोलतो, उद्या दुसरं. विश्वास शास्त्राच्या पायावर उभारावा, कारण तो हलत नाही. मुलं विचारायची, उदाहरणार्थ? आणि ती उदाहरण म्हणून हेच वाक्य द्यायची.

“पाया शास्त्राचाच हवा,” पाळक हळूच म्हणाले. ते बोलले ते खरं होतं आणि त्यांना ते बोलताना त्रास होत होता, म्हणून जास्तच खरं वाटलं. “आपल्याला जे ऐकून बरं वाटतं ते सगळं त्याच्या तोंडी घालायला लागलो, तर शेवटी त्याच्या तोंडून आपणच बोलत राहू. मी नाही म्हणतोय ते तुमच्या आईवर नाही.”

“मला माहीत आहे. मीही भाजीवालीवर नव्हते.”

“कोण भाजीवाली?”

“काही नाही.” तिने पेपरवेट खाली ठेवला. “एक विचारू? वजन खोटं निघालं तर त्यावर तोललेलं सगळं परत तोलावं लागतं. आमच्याकडे तसा नियम आहे. तुमच्याकडे काय आहे?”

पाळकांनी एक न उघडलेलं खोकं पायाने भिंतीकडे सरकवलं. “तुम्ही आधी वाचून बघा,” ते म्हणाले. “फोन चुकतो. पूर्ण वाचा.”

बाबा गेले तेव्हा धाकटीची शाळा संपत आली होती. ते बरे व्हावेत म्हणून तिने सगळं नीट केलं होतं : गुडघे टेकले, उपास केला, डोळे मिटून आणि उघडे ठेवूनही प्रार्थना केली, कुठली पद्धत लागू पडते ते माहीत नव्हतं म्हणून. ते गेले. मग ती आपल्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. चर्च नको, भजन नको, माणसं नकोत. आणि मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी तिने कडी काढली, कारण कोणीतरी म्हणालं होतं की तू दार लाविलेस तरी मी उंबरठ्यावर बसून राहीन. देव म्हणाला होता. तिथून पुढचं सगळं त्यावर उभं होतं. रविवारचा वर्ग, नोकरी, आईच्या शेवटच्या आजारात न डगमगता केलेली शुश्रूषा, सगळं.

तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत, कार्यालयात, काचेच्या पेटीशेजारी. हातमोजे घालावेत की नाही, याचा तिने एकदा खरोखर विचार केला. वंशावळ्या आल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, “काय हो, कोणाची चौकशी लागलीय?”

“एक वाक्य शोधतेय.”

“मिळालं?”

“दारं मिळाली.”

दारं पुष्कळ होती. जलप्रलयाच्या वेळी देवाने स्वतः बाहेरून लावून घेतलेलं दार होतं. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला बाहेरच उभं ठेवून, आनंदाच्या भरात आत पळालेली एक मोलकरीण होती. घाबरलेली माणसं कड्या लावून बसली होती आणि प्रभू दार न उघडताच आत येऊन उभा राहिला होता. उभाच. धाकटीला राग येऊ लागला. कुठेही बघावं तर हा उभा. बसला तरी डोंगरावर नाहीतर नावेत, आणि तेही शिकवायला. नुसता कोणासाठी बसलेला एकदाही नाही.

पण एक घोटाळा होत होता. ती फक्त दारं शोधत होती, आणि दारांच्या मधली पानं ओलांडून जाता येत नव्हतं. ज्या गोष्टी ती रविवारी मुलांना तोंडपाठ सांगायची त्या छापलेल्या शब्दांत वेगळ्याच निघत होत्या. कुठे जास्त कठोर, कुठे विचित्र, कुठे इतक्या मऊ की तिने त्या मुलांना कधी सांगितल्याच नव्हत्या. ‘का?’ म्हणून देवावर ओरडणारी माणसं तर पानोपानी होती, आणि त्यांचं ओरडणं कोणी खोडून टाकलं नव्हतं. आपण कडी लावली तेव्हा आपल्यासारखं आपणच, असं तिला वाटलं होतं.

मग एका दुपारी मागची पानं परत चाळताना, चौथ्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, ती थांबली. डबा उघडा होता. विहीर होती, भर दुपार होती, आणि तो चालून चालून दमला होता म्हणून तिथे बसला होता. शिकवायला नाही. दमला म्हणून. पाणी भरायला येणाऱ्या बाईला अजून तो बसलाय हे माहीतही नव्हतं. धाकटीने ती ओळ परत वाचली. मग डब्याचं झाकण लावून टाकलं, आत अर्धी पोळी होती तरी.

वाक्य मात्र शेवटच्या पानापर्यंत सापडलं नाही.

त्या रविवारी ती दादाकडे गेली. दादा तिचा थोरला भाऊ. वहिनी आणि तो स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. म्हणजे वहिनी सोलत होती आणि दादा खात होता.

“दादा, आई ते वाक्य कधीपासून म्हणायची?”

“कुठलं?”

“उंबरठ्याचं.”

“तू दार लावून बसली होतीस ना, तेव्हापासून.”

“त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी आपल्या घरात दार लावलं कोणी?”

वहिनीने त्याच्या हातावर चापट मारली. “सरळ सांगा ना. तिचा जीव टांगणीला लागलाय.”

दादाने तोंडातले मटार संपवले. “आई बाहेर बसायची. दाराला पाठ लावून. मी ब्रेडला लोणी लावायचो, आणि ती एकेक तुकडा दाराखालच्या फटीतून आत सरकवायची. लोणी वर ठेवून. ताट मावायचं नाही त्या फटीतून, म्हणून आपण सगळेच तेव्हा चपटं जेवायचो.”

“मला वाटलं तू जेवण देत होतास.”

“मी लोणी. सरकवणं आईकडे.” त्याने आणखी एक शेंग फोडली. “ती त्या फटीतूनच काहीबाही बोलायची तुझ्याशी. मी आहे ना, उघड ना, असलं. एकदा तू आतून ओरडलीस. काय ओरडलीस आठवतं?”

धाकटीने मान हलवली. तिला आठवत नव्हतं.

“म्हणालीस, ‘तू नको सांगूस. तू माणूस आहेस, उद्या तूही जाशील. देवाने कुठे लिहून दिलंय ते दाखव.’ त्या वयातही कागदच मागायचीस. आईने हातातला ब्रेड खाली ठेवला. मला वाटलं आता उठेल. तर म्हणाली, ‘लिहिलंय.’ आणि ते म्हणाली. लाविलेस वगैरे.”

मटाराची एक शेंग धाकटीच्या हातात तशीच राहिली. “तुला माहीत होतं? शास्त्रात नाहीये ते?”

“शंका होती.”

“आणि कधी बोलला नाहीस?”

“काय बोलू? आई खोटं बोलायची नाही.”

“पण हे खोटंच होतं, दादा.”

“कसं? बसली ना ती.” दादाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही ती काट्यावरचा आकडा उलटा वाचते आहे. “तू कडी काढलीस तेव्हा दार बाहेर उघडलंच नाही, आठवतं? तिलाच टेकून झोप लागली होती. मी उठवलं.”

वहिनीने मग व्यवहाराची गोष्ट काढली. पाळकांनी एक वाट सुचवली होती : वाक्य आईचंच म्हणून, बिनक्रमांकाचं, ‘कुटुंबाचे शब्द’ या सदरात कोरावं. समितीला हरकत नव्हती.

“आईचं म्हणून?” दादा म्हणाला. “कबरीवर? ‘मी उंबरठ्यावर बसून राहीन’?”

“का?”

“अगं, देव म्हणाला तर दिलासा आहे. मेलेली बाई म्हणाली तर लोक पळतील.”

“संध्याकाळी त्या वाटेने कोणी जाणार नाही,” वहिनी म्हणाली. “शेजारची कबर त्या निवृत्त कवायत मास्तरांची आहे. त्यांच्या घरचे तक्रार करतील.”

धाकटी आधी हसली. मग हसता हसता तिने ओढणी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ काढलीच नाही. दादा लोणी शोधायला उठला, कारण दुसरं काय करायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं.

पाथरवटाने तिला येताना पाहिलं आणि छिन्नी उचलली. “आठवलं का?”

“चौथं शुभवर्तमान. चौथा अध्याय, सहावं वचन.”

त्याने ते पेन्सिलीने लिहिलं, तिला दाखवलं आणि कोरायला घेतलं. धाकटी उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसली. दगडाची भुकटी तिच्या चपलांवर पडत राहिली. चूक झाली असती तर थांबवण्याइतका वेळ होता, आणि चूक आहे की नाही हेच तिला नक्की कळत नव्हतं.

“झालं,” तो म्हणाला. “आता वचन द्या.”

तिच्या पिशवीत दोन कागद होते. एकावर विहिरीची ओळ उतरवून घेतली होती. दुसरा जुना, घडीवर विरलेला. तिने दोन्ही मांडीवर ठेवले. एकाला शिक्का होता. त्याच्यावर आता तिचं वजन पडलेलं होतं आणि ते हललं नव्हतं. दुसऱ्याला शिक्का नव्हता. पण ते नसतं तर ती पहिल्यापर्यंत आलीच नसती. एकाच्या जागी दुसरं ठेवणं तिच्याने होईना. दोन्ही एकाच पारड्यात घालायलाही नियम नव्हता.

“वरची जागा मोकळी ठेवा,” ती म्हणाली. “तारखा घाला, नाव घाला. वचन राहू द्या.”

“अहो, एवढी कोरी जागा सोडली तर लोक म्हणतील पाथरवट मध्येच गेला.”

“क्रमांक आहे ना. ज्याला बघायचं तो घरी जाऊन पुस्तक उघडेल.”

“आणि उघडून काय सापडेल?”

“एक जण बसलेला,” धाकटी म्हणाली, आणि चपलांवरची भुकटी झटकायला वाकली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने कार्यालयाचा छापील मथळा नसलेला कागद घेतला, कारण काम खासगी होतं, आणि लिहिलं :

प्रति,
मा. मुख्य संपादक,
सुधारित आवृत्ती विभाग, शास्त्र प्रकाशन मंडळ.

विषय : एक वाक्य समाविष्ट करण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, ‘तू दार लाविलेस तरी मी उंबरठ्यावर बसून राहीन’ हे वाक्य शास्त्राच्या पुढील आवृत्तीत समाविष्ट करण्याचा विचार व्हावा. सदर वाक्य सध्या शास्त्रात नाही, याची खाली सही करणारीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून खात्री केली आहे. शास्त्रात जे आहे त्याबद्दल कोणतीही तक्रार नाही. सदर वाक्य अनेक वर्षे प्रत्यक्ष वापरात असून तपासणीत त्यात तूट आढळलेली नाही. चौथ्या शुभवर्तमानात, विहिरीच्या प्रसंगाच्या पानावर, तळाशी थोडी कोरी जागा आहे. अक्षर बारीक असले तरी चालेल.

वरील गोष्ट नियमात बसत नसल्यास (बसत नाही, याची कल्पना आहे) सदर वाक्यावर शिक्का न मारता ते मूळ मालकास परत करण्यात यावे. मूळ मालक दिलेल्या पत्त्यावर न आढळल्यास, वाक्य घेऊन येणाऱ्याने परत न जाता उंबरठ्यावर बसून राहावे, ही विनंती.